उधारीवर फुगलेली रोकड

कंपन्यांचे वार्षिक अहवाल आता मध्यमवर्गीय घरांतूनही येऊ लागले आहेत. पूर्वी ते जाडजूड पुस्तकाच्या रूपाने टपालाने येत, आता मोबाइलवर येतात. न वाचता बाजूला ठेवण्याची रीत मात्र तीच राहिली आहे. ज्यांना वाचनाची हौस आहे ते विक्री किती वाढली, नफा किती झाला, लाभांश किती जाहीर झाला एवढे पाहतात. अधिक चिकित्सक असतील ते बँकांच्या कर्जाचा आकडा तपासतात. ताळेबंदात चालू देण्यांच्या सदराखाली ‘व्यापारी देणी’ अशी एक ओळ असते. कंपनीने कच्चा माल, सुटे भाग वा सेवा उधारीवर घेतल्या आणि वर्षअखेरीपर्यंत त्यांचे पैसे चुकते केले नाहीत, म्हणजे ती रक्कम या ओळीत जमा होते. तिच्यावर व्याज दिसत नाही, तारण दिसत नाही. साहजिकच ती निरुपद्रवी वाटते आणि वाचकाची नजर तिच्यावरून घसरून पुढे जाते. वस्तुतः नाशिकसारख्या शहरातील गुंतवणूकदाराने एखादी ओळ मुद्दाम थांबून वाचावयाची असेल, तर ती हीच होय.

‘नाशिकसारख्या’ म्हणण्याला कारण आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे सातपूर, मग अंबड येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. महिंद्र, बॉश (जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही ‘मायको’), क्रॉम्प्टन, सीमेन्स, एबीबी, सिएट अशा मोठ्या नावांच्या भोवती लहान कारखान्यांचे मोहोळ जमले. कोणी पत्र्याचे प्रेसकाम करतो, कोणी जिग-फिक्श्चर बनवतो, कोणी प्लेटिंग करून देतो, तर कोणी केवळ दोन लेथवर दुसऱ्याचे जॉबवर्क उचलतो. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात जे ‘देणे’, ते या कारखानदाराच्या वहीत ‘येणे’ असते. रक्कम एकच, नावे दोन. आणि आजच्या नाशिकात ही दोन्ही नावे पुष्कळदा एकाच घरात नांदतात. थोरला भाऊ अंबडला शेड घेऊन दोन सीएनसी यंत्रे चालवतो. बँकेत किंवा शाळेत नोकरी करणारा धाकटा दरमहा म्युच्युअल फंडात पैसे भरून त्याच मोठ्या कंपन्यांचा अंशतः मालक होतो. धाकट्याच्या कंपनीचे ‘खेळत्या भांडवलाचे उत्तम व्यवस्थापन’ म्हणून जे वाखाणले जाते, ती थोरल्याची पगारवाटपाच्या दिवसाची विवंचना असू शकते. हा केवळ सहानुभूतीचा विषय नव्हे. धाकट्या भावाचा स्वतःचा पैसा सुरक्षित आहे की नाही, याचा काही अंदाज याच ओळीवरून करता येतो.

त्यासाठी फार मोठे गणित लागत नाही. समजा, एखादी कंपनी वर्षाला ७३० कोटी रुपयांचा माल उधारीवर खरेदी करते, म्हणजे दिवसाला २ कोटींचा. ३१ मार्च रोजी तिची व्यापारी देणी ९० कोटी असतील, तर ती सरासरीने ४५ दिवसांत पैसे देते असे ढोबळमानाने म्हणता येईल. पुढील वर्षी खरेदी तेवढीच, विक्री तेवढीच, नफाही तेवढाच राहिला. परंतु देणी १५० कोटींवर गेली. उधारीचे दिवस ४५ वरून ७५ झाले. या एका बदलामुळे रोकड प्रवाहाच्या पत्रकात ‘व्यवसायातून मिळालेली रोकड’ ६० कोटींनी वाढलेली दिसेल. कंपनीने एक नग जास्त विकलेला नाही की एका रुपयाची काटकसर केलेली नाही. तिने फक्त पैसे देण्याचे लांबणीवर टाकले आहे. आता या ६० कोटींतून तिने बँकेचे कर्ज फेडले, तर अध्यक्षांच्या भाषणात ‘कर्जमुक्तीकडे वाटचाल’ असा परिच्छेद येतो आणि शेअर दलालांच्या टिपणांत शाबासकी मिळते. प्रत्यक्षात कर्ज फिटलेले नसते, त्याचा धनको बदललेला असतो. बँकेचा बोजा उतरला आणि तो अंबडच्या शेडमधील कारखानदाराच्या कॅश-क्रेडिट खात्यावर, कंपनीला पडतो त्याहून चढ्या व्याजाने, जाऊन बसला.

यातील दुसरा भाग गुंतवणूकदाराच्या अधिक कामाचा आहे. अशी वाढ एकदाच मिळते. तीच ६० कोटींची भर पुढील वर्षी पुन्हा दाखवावयाची, तर उधारी १०५ दिवसांवर न्यावी लागेल. कोठे तरी पुरवठादार हात आखडता घेतो, आगाऊ पैशाशिवाय माल सोडत नाही, आणि मग चक्र उलट फिरू लागते. जी रोकड आत आली ती त्याच वाटेने, बहुधा अधिक वेगाने, बाहेर जाते. म्हणून ज्या कंपनीची रोकड नफ्यापेक्षा झपाट्याने वाढत आहे, तिच्या बाबतीत पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे की ही रोकड गिऱ्हाइकाकडून आली की पुरवठादाराच्या खिशातून राहिली?

बळ की दुर्बळता

तथापि देणी वाढली म्हणजे कंपनी बुडाली, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे ठरेल. हिंदुस्थान युनिलिव्हरसारख्या कंपनीची व्यापारी देणी गेली अनेक वर्षे तिचा मालसाठा आणि येणी यांच्या बेरजेहून अधिक राहिली आहेत. साबण-पावडर विकणाऱ्या या कंपनीला वितरकांकडून पैसे लवकर मिळतात आणि पुरवठादारांना ती सावकाश देते. मधल्या काळात दुसऱ्यांच्या पैशावर धंदा चालतो. हे बळाचे लक्षण आहे. ते न्याय्य आहे की नाही हा वेगळा प्रश्न. परंतु त्यात भागधारकाला भिण्याजोगे काही नाही. खरेदीच वाढली असेल तर देणी वाढणे स्वाभाविक असते. तांब्याचे वा पोलादाचे भाव चढले की विजेची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीची देणी, एकही दिवस उशीर न करता, आपोआप फुगतात. रुपयांतील आकड्यापेक्षा दिवसांतील आकडा पाहावयाचा तो यासाठी.

बळ आणि दुर्बळता यांतील भेद ओळखण्याची खूण शेजारच्या ओळींत सापडते. देणी वाढत असताना कंपनीकडे रोख शिल्लकही वाढत असेल, बँकेचे कर्ज नसेल, येणी वेळच्या वेळी वसूल होत असतील, तर ती पैसे असून देत नाही. याउलट देणी वाढत आहेत, येणीही वाढत आहेत, गोदामात माल साठत आहे आणि बँकेच्या कर्जाची मर्यादा काठोकाठ भरली आहे असे चित्र दिसले, तर ती पैसे नसल्यामुळे देत नाही. पहिली कंपनी पुरवठादाराला छळते. दुसरी आज पुरवठादाराला आणि उद्या भागधारकाला. मध्यंतरी अनेक विमान कंपन्यांच्या बाबतीत हेच दिसले. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची विमाने जमिनीवर कायमची थांबण्यापूर्वी विमाने भाड्याने देणाऱ्यांची बिले महिनोन्‌महिने थकली होती, आणि ही गोष्ट वृत्तपत्रांतून सर्वांना ठाऊक होती. तरीही शेवटच्या आठवड्यापर्यंत तिचे समभाग ‘स्वस्तात मिळतात’ म्हणून घेणारे लोक होतेच.

कायद्याचा दर आणि व्यवहाराचा दर

उशिरा दिलेल्या पैशावर पुरवठादाराला व्याज मिळावे, ही कल्पना आपल्या कायद्याला नवी नाही. १९९३ साली लघु व पूरक उद्योगांसाठी तसा स्वतंत्र कायदा झाला. त्याची जागा २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्याने घेतली. त्यानुसार सूक्ष्म वा लघु उत्पादकाचा माल स्वीकारल्यावर लेखी करार असल्यास करारातील मुदतीत, मात्र कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. मुदत टळली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. बँक दर साडेपाच टक्के धरला तरी हा दर साडेसोळा टक्के होतो. शिवाय हे व्याज प्राप्तिकराच्या हिशेबात खर्च म्हणून वजा करता येत नाही. चांगल्या पतीच्या कंपनीला बँकेकडून याहून पुष्कळच स्वस्त पैसा मिळतो. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात लघुउद्योजकाची थकलेली उधारी हे कंपनीला मिळू शकणाऱ्या कर्जांपैकी सर्वांत महागडे कर्ज आहे. व्यवहारात मात्र ते फुकट मिळते!

ही विसंगती टिकून राहते, कारण व्याज मागणारा पुढच्या वर्षीची ऑर्डर गमावण्याच्या भीतीखाली असतो. कायद्याने त्याच्या हाती हत्यार कमी दिलेले नाही. सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करता येतो. ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो. परिषदेचा निर्णय विरुद्ध गेला आणि कंपनीला तो न्यायालयात रद्द करून घ्यावयाचा असेल, तर तिला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. पण हे हत्यार उपसतो तो बहुधा ज्याचा त्या कंपनीशी व्यवहार कायमचा संपला आहे असा मनुष्य. बाकीचे पर्चेस खात्यातील साहेबांना दिवाळीची मिठाई पोहोचवतात आणि ‘या महिन्यात काहीतरी सोडा’ अशी विनंती करीत राहतात.

गुंतवणूकदाराच्या दृष्टीने येथे एक बारकावा आहे, आणि त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. याच कायद्याच्या बावीसाव्या कलमाने कंपनीला वार्षिक हिशेबात सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे थकलेले मुद्दल, त्यावर झालेले व्याज, दिलेले व्याज आणि द्यावयाचे राहिलेले व्याज हे सारे स्वतंत्रपणे दाखवावे लागते. ही टीप अहवालाच्या मागल्या भागात लहान टाइपात असते. तिच्यात मुदतीबाहेरचे मुद्दल दाखवलेले आहे आणि व्याजाच्या रकान्यात मात्र ‘निरंक’ लिहिलेले आहे, असे आढळले तर भुवया उंचावल्या पाहिजेत. व्याज कायद्यानेच लागू होते. पुरवठादाराने ते मागितले नाही म्हणून ते नाहीसे होत नाही. जे देणे हिशेबात धरलेले नाही तेवढा त्या कंपनीचा नफा फुगलेला असतो. रक्कम लहान असेल. पण जी कंपनी लहान रकमेबाबत असा सोयीस्कर विसराळूपणा दाखवते, तिच्या मोठ्या रकमांकडेही थोड्या संशयाने पाहिलेले बरे.

मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात दुरुस्ती केली आणि २०२१-२२ पासून व्यापारी देण्यांचा वयवार तक्ता देणे बंधनकारक झाले. देय तारखेपासून एक वर्षाच्या आतील, एक ते दोन वर्षांची, दोन ते तीन वर्षांची आणि तीन वर्षांहून जुनी अशी विभागणी, शिवाय वादग्रस्त आणि निर्विवाद असा भेद त्यात असतो. सुधारणा स्वागतार्ह खरीच. परंतु तिचा पहिला रकाना फारच ऐसपैस आहे. पाच दिवस उशिराचे बिल आणि साडेअकरा महिने उशिराचे बिल एकाच रकान्यात मांडीला मांडी लावून बसते. लघुउद्योजकाच्या दृष्टीने पहिले म्हणजे किरकोळ गैरसोय, दुसरे म्हणजे दिवाळखोरी. त्यातून देय तारीख करारावर अवलंबून असते. जो पुरवठादार सूक्ष्म वा लघु या व्याख्येत बसत नाही त्याच्यावर १२० दिवसांचा करार लादला, की शंभराव्या दिवशीही त्याचे बिल ‘थकलेले’ ठरत नाही. त्याच दुरुस्तीने खरेदी व सरासरी देणी यांचे गुणोत्तर प्रसिद्ध करणे आणि ते २५ टक्क्यांहून अधिक बदलल्यास कारण देणेही आवश्यक केले. ही कारणे वाचणे ही एक करमणूकच आहे. ‘व्यापारी देण्यांतील वाढीमुळे गुणोत्तर बदलले’ असे लिहून कंपनीचा हिशेबनीस मोकळा होतो. ताप आल्यामुळे अंग गरम झाले, असे सांगणाऱ्या वैद्यासारखा. मात्र निर्विवाद देणी दोन-तीन वर्षांच्या रकान्यात सरकू लागलेली दिसली, तर त्याला कोणतेही स्पष्टीकरण पुरे पडत नाही. ज्या रकमेबद्दल वादच नाही ती तीन वर्षे का दिली नाही, याचे उत्तर एक तर पैसे नाहीत हे असते, किंवा नोंद जुनी व चुकीची आहे हे असते. दोन्ही उत्तरे वाईटच.

एका दिवसाचे छायाचित्र

ताळेबंद हे एका दिवसाचे छायाचित्र असते, आणि छायाचित्र काढण्याचा दिवस आधी ठाऊक असला की प्रत्येक जण भांग पाडून बसतो. ३१ मार्चच्या आकड्यावरून वर्षाचा निष्कर्ष काढताना धंद्याचा हंगाम ध्यानात घ्यावा लागतो. नगर-नाशिकच्या वाचकाला साखरेचे उदाहरण सांगावयास नको. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावयाचे असतात, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज लागते. गाळपाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलला आटोपतो. म्हणून शेअर बाजारात नोंदलेल्या साखर कंपनीची मार्चअखेरची देणी वर्षातील इतर दिवसांहून मोठी दिसणारच. तिची तुलना मागील मार्चशी करावयाची, सप्टेंबरशी नव्हे. द्राक्षांचेही तसेच. नाशिकची सुला व्हिनयार्ड्स डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात आली. वाइनच्या द्राक्षांची तोडणी वर्षारंभीच्या तीन महिन्यांत होते; त्यामुळे अशा धंद्यात द्राक्ष बागायतदारांची बिले नेमकी हिशेबाचे वर्ष संपताना येतात. हंगामी धंद्याला बारमाही धंद्याची फूटपट्टी लावली तर चांगली कंपनी वाईट आणि वाईट कंपनी चांगली दिसू लागते.

बारमाही धंद्यात मात्र अलीकडे उलटाच प्रकार घडू लागला असावा, असे मानण्यास जागा आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकराच्या कलम ४३ ब मध्ये एक नवे उपकलम घातले आणि १ एप्रिल २०२४ पासून ते अमलात आले. सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे बिल कायद्याच्या मुदतीपलीकडे थकले, तर ते प्रत्यक्ष फेडले जाईल त्या वर्षीच खर्च म्हणून धरता येते. परिणाम उघड आहे. मुदत टळलेली बिले ३१ मार्चपूर्वी चुकती करण्याची घाई सुटते. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये व्यापारी पेठांत या कलमाने जी खळबळ उडाली ती अनेकांना आठवत असेल. काही खरेदीदार नोंदणी नसलेल्या पुरवठादारांकडे वळतील, ही भीती लहान उत्पादकांनीच बोलून दाखवली होती. कलमाचा हेतू चांगला. पण त्यामुळे मार्चचे छायाचित्र पूर्वीपेक्षा अधिक सजवलेले येण्याचा संभव वाढला. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना ३० सप्टेंबरचा ताळेबंदही सहामाही निकालांबरोबर प्रसिद्ध करावा लागतो. ज्याला कंपनीची खरी सवय जाणून घ्यावयाची आहे त्याने मार्च ते मार्च एवढेच न पाहता सप्टेंबर ते सप्टेंबर अशी पाच वर्षांची दुसरी ओळ मांडावी. एका वहीचे पान आणि अर्ध्या तासाचे काम. मार्चमध्ये ४० दिवस आणि सप्टेंबरमध्ये ८० दिवस असे चित्र वर्षानुवर्षे दिसत असेल, आणि धंदा हंगामी नसेल, तर कोणता आकडा पाहुण्यांसाठी आहे हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

जे ओळीत नसते

या ओळीची एक मोठी मर्यादा आहे: तिच्यात जे लिहिले जाते तेच ती सांगते. याचे उदाहरण अंबडपर्यंत येऊन पोहोचते. सी. जी. पॉवर म्हणजे जुनी क्रॉम्प्टन ग्रीव्हज; तिचा स्विचगिअरचा कारखाना अंबडला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये या कंपनीच्या संचालक मंडळाने शेअर बाजारांना कळवले की, तपासात आढळल्याप्रमाणे ३१ मार्च २०१८ रोजी कंपनीची देणी सुमारे १,०५३ कोटी आणि समूहाची सुमारे १,६०८ कोटी रुपयांनी कमी दाखवली गेली असण्याचा संभव आहे. संबंधित आणि इतर पक्षांना दिलेली अग्रिमेही अनुक्रमे सुमारे १,९९० कोटी आणि २,८०६ कोटींनी कमी दाखवली गेली असावीत. समभागाचा भाव तत्काळ कोसळला. पुढच्याच महिन्यात सेबीचा अंतरिम आदेश आला. नोव्हेंबर २०२० मध्ये मुरुगप्पा समूहातील ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सने कंपनीचा ताबा घेतला, कारभार सावरला आणि समभागाचा भाव पुढे अनेक पटींनी वाढला, हेही तितकेच खरे. परंतु मार्च २०१८ चा ताळेबंद प्रामाणिकपणे वाचणाऱ्या माणसाला छापील देण्यांतून जे दिसले ते अपुरे होते. देणी आणि अग्रिमे दोन्ही बाजूंनी वगळली गेली, तर दोन्ही बाजूंची बेरीज जुळतेच. म्हणून देण्यांची ओळ वाचताना समोरच्या बाजूची ‘कर्जे व अग्रिमे’, संबंधित पक्षांबरोबरच्या व्यवहारांची टीप आणि लेखापरीक्षकाचे शेरे यांच्याशी ती ताडून पाहणे भाग आहे.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. तेथील रस्ते, रुग्णालये बांधणारी कॅरिलियन ही अवाढव्य कंपनी १५ जानेवारी २०१८ रोजी मोडली, तेव्हा तिच्याजवळ २.९ कोटी पौंड रोख होते आणि सुमारे ३०,००० पुरवठादारांचे मिळून सुमारे २०० कोटी पौंड देणे होते. ती पुरवठादारांना १२० दिवसांची मुदत देत असे. लवकर पैसे हवे असतील त्याने बँकेकडून बिल वटवून, म्हणजे काही कसर सोसून, ते घ्यावेत आणि कंपनी बँकेला नंतर पैसे देईल, अशी योजना होती. आपल्याकडच्या जुन्या हुंडीचाच हा उलटा अवतार. वस्तुतः हे बँकेचे कर्ज झाले. पण ताळेबंदात ते ‘इतर देणी’ या निष्पाप नावाखाली राहिले. ही रक्कम ४९.८ कोटी पौंडांपर्यंत असावी, असे मूडीज या पतमापन संस्थेने कंपनी बुडाल्यावर म्हटले. बुडाल्यावर! नफ्याबाबतचा पहिला इशारा १० जुलै २०१७ रोजी आला. त्याच्या महिनाभर आधी भागधारकांना लाभांश वाटून झाला होता.

बिल वटवण्याची सोय आपल्याकडेही आहे, आणि ती मुळात पुरवठादाराच्या हिताची आहे. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली ‘ट्रेड्स’ या इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, २०१७ पासून ती प्रत्यक्षात आली, आणि नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिच्यात नोंदणी करणे आवश्यक झाले. अंबडच्या कारखानदाराला कंपनीच्या पतीवर स्वस्तात पैसे मिळतात, हा तिचा मोठा गुण. तथापि भागधारकाने हे ओळखून असावे की अशा बिलाचा धनको आता पुरवठादार राहिलेला नसून बँक झालेली आहे. आणि पुरवठादार जेवढी सबुरी दाखवतो तेवढी बँक दाखवीत नाही. आंतरराष्ट्रीय लेखा मानकांनी मे २०२३ मध्ये आणि भारतीय मानकांनी २०२५ मध्ये अशा व्यवस्थांची वेगळी माहिती देणे बंधनकारक केले आहे. ती टीप शोधून वाचावी. रक्कम मोठी असेल तर ती कर्जात मिळवून मगच कर्जाचे प्रमाण काढावे.

कंपनी खरोखरच कोसळली तर काय होते, याकडेही एकदा पाहून ठेवणे बरे. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेप्रमाणे पुरवठादार हा ‘कार्यकारी धनको’. मार्च २०२० पासून एक कोटीहून कमी थकबाकीसाठी त्याला संहितेखाली अर्जही करता येत नाही. सातपूरच्या ज्या माणसाचे अठरा लाख अडकले त्याला तो दरवाजा बंदच. कंपनीचे भवितव्य ठरवणाऱ्या धनकोंच्या समितीत बँका मतदान करतात, पुरवठादार सहसा करीत नाही. कंपनी मोडीत निघून मालमत्तेचे पैसे वाटण्याची वेळ आली, की आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारणदार बँका आणि कामगार, मग इतर कर्मचारी, विनातारण कर्ज देणारे, सरकार, आणि त्यानंतर पुरवठादाराचा क्रमांक लागतो. त्याच्याही मागे, रांगेच्या अगदी शेवटी, सामान्य भागधारक उभा असतो. अंबडचा थोरला आणि बँकेतला धाकटा या रांगेत जवळजवळ एकमेकांना खेटून उभे असतात.

थोरल्याला मात्र एक गोष्ट आधी कळते. कोणत्या कंपनीचे धनादेश लांबू लागले, कोणाकडे ‘सिस्टीम बंद आहे’ हे कारण तिसऱ्या महिन्यातही चालू आहे, याची चर्चा औद्योगिक वसाहतीतील चहाच्या टपरीवर सहामाही निकालांच्या पुष्कळ आधी होते. टपरीवरचे बोलणे हा पुरावा नव्हे, आणि त्यावर समभाग विकावयास धावणे शहाणपणाचे नाही. पण पुढचा ताळेबंद कोणत्या पानापासून वाचावयाचा एवढे त्यातून खचित कळते.

धाकट्याच्या हातीही थोडेसे काही आहे. त्याच्या नावावर कंपनीचा थेट एक समभाग असला, तरी त्याला वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारता येतो, आणि २०२० पासून बहुसंख्य मोठ्या कंपन्या या सभा दूरदृश्य पद्धतीने घेत असल्यामुळे त्यासाठी नाशिकरोड सोडून मुंबईस जाण्याचेही कारण उरलेले नाही. वक्ता म्हणून आगाऊ नाव नोंदवावे लागते आणि दोन-तीन मिनिटे मिळतात. तेवढ्यात लाभांश वाढवण्याची विनंती आणि अध्यक्षांच्या प्रकृतीस शुभेच्छा देण्याचा प्रघात आहे. त्याऐवजी एवढेच विचारावे की, ३० सप्टेंबर रोजी सूक्ष्म व लघु पुरवठादारांची ४५ दिवसांपलीकडची थकबाकी किती होती, तिच्यावर कायद्याने लागणारे व्याज हिशेबात धरले काय, आणि बँकांमार्फत वटवलेली बिले एकूण देण्यांत किती आहेत? ‘उत्तर आपणांस स्वतंत्रपणे कळवण्यात येईल’ असे कंपनी सचिव म्हणाले, तर त्या उत्तराची वाट ४५ दिवस पाहावयास हरकत नाही.